आधी खुर्च्या शोधा, मग छत बघा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मेसॉनिक टेंपलवरचा, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या इमारतीवरचा, लेख वाचला. झगमगाटाचं वर्णन झकास, पण ती दालनं बघायची कशी, हे राहून गेलं. अमेरिकेत मुलांकडे जाणारे आईवडील आता जळगाव-भुसावळकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी थोडी भर.

१८७३ ची ही इमारत सिटी हॉलला लागूनच आहे. आत मार्गदर्शकाबरोबर फिरायचं. सात दालनं, सात शैली. सगळ्यांच्या माना छताकडे, आणि तिसऱ्या दालनापर्यंत कुठे काय पाहिलं याची खिचडी होते. म्हणून दारातून शिरताच आधी मानाच्या खुर्च्या शोधा. लॉजच्या (म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक मंडळाच्या) प्रमुखाची पूर्वेला, दोन सहायकांच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, उत्तरेला नसते. (मोबाइलचं होकायंत्र काढू नका. प्रमुख बसतो ती पूर्व!) त्यांची चिन्हं आपल्या गवंड्याच्या पिशवीतलीच: प्रमुखाचा गुण्या, पश्चिमेकडच्याची लेव्हल, दक्षिणेकडच्याचा ओळंबा. एवढं डोक्यात बसलं की शैली कितीही बदलो, वाट चुकत नाही. गॉथिक आणि रेनेसाँ ही दोन दालनं मात्र फ्रीमेसनांच्याच वेगळ्या शाखांची, तिथे हा हिशेब लावू नका. गॉथिकमध्ये क्रॉस आणि मुकुट दिसतील, ती त्यांतल्या नाइट्स टेंप्लर या शाखेची खूण.

वेळ राखायचा तो इजिप्शियन हॉलसाठी. जॉर्ज हर्झॉगची ही सजावट १८८९ मध्ये पुरी झाली. खांबांचे माथे लक्सॉर, कर्णक, फिले इथल्या देवळांवरून घेतलेले. भिंतींवरची चित्रलिपी लेखाने 'गूढ नक्षी' म्हणून निकालात काढली. ती खरी लिपी आहे, पाटणादेवीच्या शिलालेखासारखी जाणकाराला वाचता येते. तिथे मार्गदर्शकाला एखाद्या ओळीचा अर्थ जरूर विचारा.

ओरिएंटल हॉलमध्ये नावावरून भारत-चीन शोधू नका. तो स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यावरून बेतलेला आहे. रंगकामाला हात लावायचा मोह आवरा, बोटांचा घाम आणि तेल रंगाला खातात.

आणि लेखाच्या सुरावरून वाटलं तशी तिथे देवपूजा चालत नाही. लॉजच्या सभा भरतात, आजही.

एवढ्या लांब जायचं नसेल तर मुंबईत फोर्टातही फ्रीमेसन्स हॉल आहे. तो रोज खुला नसतो, आधी विचारूनच गाडी पकडा.

– एक वाचक, भुसावळ