'व्हेंटिलेटर' पुन्हा पाहताना

संपादक महोदय,
कौटुंबिक मराठी चित्रपटांत म्हातारे बहुधा सोशिक असतात आणि सून-मुलगा कृतघ्न. राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) या साच्यात बसत नाही. नुकताच आम्ही तो तीन पिढ्यांनी एकत्र पाहिला. गणपती तोंडावर आलेले, घरातले ज्येष्ठ अतिदक्षता विभागात आणि बाहेर जमलेल्या नातेवाइकांना चिंता सुतकाची! हसू येतं, आणि हसणारे आपणही त्याच बाकावर कधीतरी बसलेले असतो. मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) आणि वडील यांच्यातला अबोला दिग्दर्शकाने कुणा एकाच्या माथी मारलेला नाही. या चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे.

नाशिकमध्ये वाडे पाडून इमारती झाल्या, आजी-आजोबा पंचवटीत आणि नातवंडं इंदिरानगरात, किंवा थेट पुण्यात. भेट होते ती लग्नात नाहीतर दवाखान्यात. (दवाखान्यात जास्त वेळ मिळतो, हेही खरं.) असे चित्रपट घरोघरी वेगवेगळ्या मोबाइलवर पाहण्यात काय मजा?

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या नावाचं स्मारक पांडवलेणीच्या पायथ्याशी आहे. महापालिकेने तिथे महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, असा एखादा चित्रपट दाखवावा. तिकीट माफक ठेवावं, आजी-आजोबांसोबत येणाऱ्या नातवंडांना ते माफ करावं आणि ज्येष्ठांसाठी पाठ टेकायला येईल अशा खुर्च्या ठेवाव्यात.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक