पगारही छापा

महोदय,

माझ्या मुलीला वन्यजीव संवर्धनात एमएस्सी करायचंय. खासगी विद्यापीठाची फी 6 लाख. 10 टक्के व्याजाने 10 वर्षांसाठी कर्ज काढलं तर हप्ता जवळपास 8 हजार. शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. तिच्या ओळखीतल्या मुलीला पहिलं काम मिळालं 20 हजारांचं, तेही 11 महिन्यांच्या करारावर. खोलीभाडं देऊन उरणार काय? (द्राक्षबागेवर कर्ज आहेच, ते निराळं.) मुलीला मी अडवणार नाही. पण आमच्याकडचं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मिरवायचं, तर सरकारनं तिथं अशा मुलांसाठी पक्क्या पगाराची पदं काढावीत की! आणि विद्यापीठांनी माहितीपत्रकात वाघाच्या फोटोशेजारी मागच्या तुकडीचे पगारही छापावेत.

— एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)