व्होल्गाकाठच्या त्वेरहून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "मॉस्को सोडून त्या आडगावी कशाला गेलीस?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

त्वेर आडगाव नाही हो. व्होल्गा, त्वेर्त्सा आणि त्माका इथे एकमेकींना मिळतात. रशियाची सत्ता मॉस्कोकडे जाणार की त्वेरकडे, हे एके काळी ठरायचं होतं. 1304 मध्ये त्वेरचा मिखाईल यारोस्लाविच सगळ्या राजांत थोरला ठरला. 1318 मध्ये मंगोल खानाच्या छावणीत त्याला मारलं. 1327 मध्ये खानाच्या माणसांच्या जाचाला कंटाळून अख्खं शहर उठलं, आणि ते चिरडायला खानाच्या फौजेबरोबर कोण आलं? मॉस्कोचा राजा इव्हान कलिता! मला अजून राग येतो. 1485 मध्ये मॉस्कोनं त्वेर गिळलंच.

पुढे 1763 ची आग, 1941 मध्ये दोन महिने जर्मनांचा ताबा, सगळं सोसलं या शहरानं. 1931 मध्ये तर नावही गेलं आणि शहर कालिनिन झालं. ते जुनं नाव परत मिळालं 1990 मध्ये. शेजारच्या आजींच्या जन्मदाखल्यावर कालिनिनच आहे, पण गाव विचारलं की त्या ठासून सांगतात, "त्वेर!"

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. इथला अफनासी निकितीन नावाचा व्यापारी 1470 च्या आसपास आपल्या जुन्नरला राहिला होता! व्होल्गातून निघाला, वाटेत लुटला गेला, इराणमार्गे होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा, म्हणाला. हा बधला नाही. शेवटी एका खोरासानी मुसलमानानं रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला. आई, त्यानं लिहिलंय, चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल, आणि लोक त्यातच नांगरतात, पेरतात. गाव म्हणे देवानं घडवलेल्या खडकावर आहे, वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीनं चढता येत नाही. बाबा, मला तर हा शिवनेरीच वाटतो. तुम्हाला?

दाभोळहून तो परत निघाला, पण स्मोलेन्स्कजवळ वारला. त्वेर काही त्याला परत दिसलं नाही. इथे नदीकाठी त्याचा पुतळा आहे, पायाखाली घोड्याच्या तोंडाची होडी. कामावरून येताना तिथे थांबल्याशिवाय मला राहवत नाही. इतक्या लांबून येऊन आपल्या पावसाबद्दल, पेरणीबद्दल मन लावून लिहिणारा माणूस याच घाटावरून निघाला, म्हणून हे गाव मला परकं वाटत नाही.

सध्या व्होल्गा गोठलीय. माणसं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात, तासन् तास. आईला ही थंडी सोसायची नाही, तेव्हा जुलैत या. रात्री दहालाही उजेड असतो आणि नदीकाठचा रस्ता सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. व्हिसाचे कागद मी इथून पाठवते. बाबा, पासपोर्टची मुदत तेवढी आजच बघून ठेवा.

तुमची,
ताई