श्रुतलेखनाचा माइक मराठीत बोलून, तपासूनच द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यात गेली चोवीस वर्षे मी दस्तऐवज लेखनाचे काम करतो. वारसाची नोंद, धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची तक्रार, पीक नुकसानीचा अर्ज अशी लिखापढी दिवसभर सुरू असते. मनगटाचे दुखणे वाढल्यामुळे बोललेले संगणकाने लिहावे म्हणून मागील वर्षी मी हातात धरून बोलायचा, बटणांचा माइक घेतला. विक्रेत्याच्या माणसाने यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडली, इंग्रजीची चार वाक्ये बोलून दाखवली आणि तो पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी मराठीत सांगू लागलो, तेव्हा माइकवरचा दिवा लागत होता, पण पडद्यावर माझ्या वाक्यांत व्हरांड्यात बसलेल्या पक्षकारांचे बोलणे मिसळून उमटत होते. तीन आठवडे तो माइक टेबलाच्या खणात पडून राहिला.

दोष माइकचा नव्हता, हे भाच्याने पाहिल्यावर कळले. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचाच माइक निवडलेला होता आणि क्रोम ब्राउझरमध्येही तोच. ही निवड दोन्ही ठिकाणी वेगवेगळी बदलावी लागते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची होती. १९९७ साली आलेले ड्रॅगन हे बोललेले लिहून घेणारे सॉफ्टवेअर इंग्रजी आणि काही युरोपीय भाषा लिहिते, मराठी लिहीत नाही. गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये, म्हणजे बोलून लिहिण्याच्या सोयीत, मराठी ऑगस्ट २०१७ पासून आहे, म्हणून मी ती सोय असलेले गूगल डॉक्स धरले. तेथे बोलणे सुरू करण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस या तीन कळा दाबाव्या लागतात. माइकसोबत आलेल्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये जाऊन या कळा माइकच्या रेकॉर्ड बटणावर नेमून दिल्या, तेव्हा कुठे अंगठ्याने दाबून बोलता येऊ लागले.

माइक धरण्याचीही एक रीत आहे. तो तोंडासमोर धरला की ‘खातेदार’, ‘फेरफार’, ‘भोगवटा’ या शब्दांतला श्वास थेट माइकवर आदळतो आणि अक्षर बिघडते. वीतभर अंतरावर, ओठांच्या जरा बाजूला धरून, नेहमीच्या आवाजात पूर्ण वाक्य सलग बोलले की लिखाण पुष्कळ सुधारते. तरीही ‘धुरा’चा ‘धूर’ होतो, स्वल्पविराम आणि पूर्णविराम हातानेच द्यावे लागतात, आणि गट क्रमांकाचा प्रत्येक आकडा मी सातबाऱ्याशी ताडून पाहतो, कारण एक आकडा चुकला तर अर्ज दुसऱ्याच्या वावराचा होतो. इंटरनेट गेले की काम थांबते, आणि आमच्याकडे वीज गेली की बहुधा इंटरनेटही जाते. हे सारे धरूनही, ज्या अर्जाला पूर्वी माझा पाऊण तास जाई, तो आता वाचून, दुरुस्त करून पंचवीस मिनिटांत होतो आणि संध्याकाळी मनगट शेकावे लागत नाही. माझ्या वयाच्या माणसाला याचे मोल फार आहे.

म्हणून विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, तालुक्याच्या ठिकाणी असा माइक बसवून देताना ग्राहकाच्या हाती तो देऊन, त्याच्याच रोजच्या कामातला एक मराठी अर्ज त्याला सांगायला लावावा, तो पडद्यावर नीट उमटल्यावरच पैसे घ्यावेत, आणि वर लिहिलेल्या सेटिंगचा एक कागद मराठीत द्यावा. केंद्र सरकारच्या भाषिणी या भारतीय भाषा संगणकाला शिकवण्याच्या प्रकल्पात भाषादान नावाने नागरिकांकडून आवाज गोळा केले जातात. तेथे वऱ्हाडी बोलणाऱ्यांनीही आपला आवाज द्यावा, म्हणजे आमच्या बोलीतला ‘डोया’ (डोळा) आणि ‘पानी’ (पाणी) यंत्राच्या कानावर पडेल. आपल्या दैनिकाने या माइकच्या मांडणीची माहिती चित्रांसह एकदा छापली, तर ज्यांचे माइक माझ्यासारखेच खणात पडून आहेत, त्यांना ते बाहेर काढता येतील.

आपला,
एक दस्तऐवज लेखक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ