विश्वासाचा पाठ आखून देणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

तुम्ही सेवानिवृत्त होऊन गावी गेलात, पण दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गासाठी तुम्ही आखून दिलेला विश्वासावरचा पाठ मंडळीत आजही चालू आहे. शेजारच्या मंडळ्यांतले शिक्षकही तो मागून नेतात. म्हणूनच हे आभारपत्र उघडपणे लिहीत आहोत. वर्ग घेणाऱ्या कुणाला त्यातून चार गोष्टी मिळाल्या तर तुम्हाला ते आवडेलच.

पहिले आभार पाठाच्या क्रमाबद्दल. हा विषय बहुतेक ठिकाणी बायबलमधल्या इब्री 11:1 पासून, विश्वासाच्या व्याख्येपासून, सुरू होतो. मुले व्याख्या तोंडपाठ करतात, 'भरवसा' आणि 'खातरी' हे शब्द मनात घोळवतात आणि चुणचुणीत मुलगी असेल तर लगेच विचारते, "मला एवढी खातरी वाटत नाही, मग माझा विश्वासच नाही का?" पुढचे तास या प्रश्नाची समजूत घालण्यात जातात. तुम्ही रोम 10:14-17 पासून सुरुवात करायला लावलीत. प्रेषित पौल तिथे शेवटाकडून मागे मागे जातो: धावा करायचा तर विश्वास हवा, विश्वासाला ऐकणे हवे, ऐकायला सांगणारा हवा आणि सांगणाऱ्याला कुणी तरी पाठवायला हवे. फळ्यावर हेच उलटे लिहून घ्यायचे: पाठवणे, सांगणे, ऐकणे, विश्वास, धावा. विश्वास चौथ्या ओळीत येतो. पहिल्या दोन ओळींत ऐकणाऱ्याचा काडीचाही वाटा नाही आणि तिसरीत त्याने फक्त कान द्यायचा आहे. मुलांना हे डोळ्यांनी दिसते, मग स्वतःच्या मनात डोकावून खातरी चाचपत बसण्याची सवय लागतच नाही.

त्याच तासाला लुदियाचा उतारा घ्यायचा ही तुमची सूचना सोन्यासारखी आहे. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये फिलिप्पै गावाबाहेर नदीकाठी बायका जमल्या आहेत. थुवतीरा नगराची, जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया त्यांच्यात आहे. पौलाचे बोलणे सगळ्यांच्याच कानांवर पडत होते. या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की लुदियाचे अंतःकरण प्रभूने उघडले. रोम 10 एकटे शिकवले तर नुसत्या उपदेशानेच विश्वास निर्माण होतो असे वाटते आणि मग उपदेशकावर भलतेच ओझे येते. लुदिया एकटी शिकवली तर माणसे हातावर हात ठेवून 'आत्मा करील तेव्हा करील' म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवले की नीट बसते: वचन हे साधन, उघडणारा पवित्र आत्मा. इफिस 2:8 घ्यायचे ते यानंतर, कारण 'देवाचे दान' म्हणजे काय हे तोवर समोर घडलेले असते.

हे काही आपल्या मंडळीपुरते मत नव्हे, हे मोठ्या वर्गाला दाखवण्यासाठी तुम्ही तीन तारखा दिल्या होत्या. इ.स. 529 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवले की विश्वासाची वाढच काय, त्याची सुरुवातसुद्धा कृपेने होते. धर्मसुधारक लूथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत कबूल केले की स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवणे त्याला शक्य नाही, आत्म्याने त्याला शुभवर्तमानाद्वारे बोलावले. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा 65 वा प्रश्न तर 'हा विश्वास येतो कुठून?' असाच आहे. उत्तर: पवित्र आत्मा तो शुभवर्तमानाच्या उपदेशाने अंतःकरणात उत्पन्न करतो आणि संस्कारांनी, म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांनी, पक्का करतो. ओरांजचा निर्णय कॅथलिक परंपराही मानते. वसईची कॅथलिक सून घरात आली की 'तुमचा विश्वास वेगळा, आमचा वेगळा' असा जो वाद होतो, त्यात या एका मुद्द्यावर तरी भांडायचे कारण उरत नाही. बाकी मुद्दे आहेतच.

त्या 65 व्या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा रोजच्या व्यवहारात फार उपयोग होतो. 'सध्या विश्वास थंड पडलाय, म्हणून प्रभुभोजन घेत नाही' असे म्हणणारे प्रत्येक मंडळीत आहेत. 1 करिंथ 11:28 मध्ये पौल पारख करायला सांगतो आणि त्याच वाक्यात पुढे, मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावे, असेही सांगतो. लोक पहिला अर्धा पाळतात आणि दुसरा सोडतात. ज्याने विश्वास पक्का व्हायचा तेच ताट बाजूला सारले जाते.

विश्वासाचे तीन भाग शिकवण्याची तुमची पद्धतही आम्ही बदललेली नाही. माहिती असणे, ती खरी आहे असे मानणे आणि तिच्यावर विसंबणे. मुलांना वाक्ये देऊन वहीत रकाने करायला लावायचे. 'येशू तिसऱ्या दिवशी उठला असे बायबलात लिहिले आहे' हे पहिल्यात. 'तो खरेच उठला' हे दुसऱ्यात. 'तो उठला म्हणून मरणाच्या वेळी मी त्याच्या हाती आहे' हे तिसऱ्यात. मग याकोब 2:19 वाचायचे: भुतेही मानतात आणि थरथर कापतात. भुतांचे दोन रकाने भरलेले आणि तिसरा कोरा, हे मुले विसरत नाहीत. अर्थात इथे एक घोटाळाही होतो. उत्साही शिक्षक तिसऱ्या रकान्यावर एवढा जोर देतात की पहिले दोन नकोसे होतात आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही 'फक्त विश्वास ठेव' असे सांगितले जाते. कशावर, हा प्रश्न त्याच्या तोंडावरच असतो.

मोठ्यांच्या वर्गात याच ठिकाणी पंडिता रमाबाईंचा दाखला घ्यायला तुम्ही सांगितले होते. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. शास्त्राभ्यास दांडगा, सेवा तर डोळे दिपवणारी. तरीही आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. याचा दोष त्या कुणालाही देत नाहीत. माहिती आणि मान्यता एवढी भक्कम असलेल्या बाईंना तिसरा रकाना वेगळा असतो हे कळायला इतका काळ लागला. तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराकडून दृढीकरणाच्या दिवशी अश्रूंची अपेक्षा करू नका, असे तुम्ही शिक्षकांना बजावत असा.

आता अब्राहाम. रोम 4 शिकवताना वये लिहून घ्यायचा तुमचा आग्रह आम्हाला आधी शाळामास्तरी वाटू शकला असता, पण सगळा युक्तिवाद त्या आकड्यांवरच उभा आहे. हारान सोडले तेव्हा 75. इश्माएल झाला तेव्हा 86. सुंता झाली तेव्हा 99. इसहाक झाला तेव्हा 100. विश्वास नीतिमत्त्व गणला गेला, म्हणजे विश्वासावरून देवाने त्याला नीतिमान ठरवले, ते उत्पत्ती 15 मध्ये, म्हणजे इश्माएलच्या जन्माच्याही आधी, सुंतेच्या निदान 13 वर्षे आधी. विधी नंतर आला, हे पौलाला एवढ्यावरून सिद्ध करता येते. आणि त्याच आकड्यांत दुसरी गोष्ट दिसते. अध्याय 15 मध्ये विश्वास ठेवणारा माणूस अध्याय 16 मध्ये दासी हागारपासून मूल मिळवण्याची पळवाट शोधतो आणि 17 मध्ये वचन ऐकून हसतो. गणलेले नीतिमत्त्व देवाने परत घेतले असे कुठे लिहिलेले नाही. विश्वास म्हणजे दोर: तहान दोराने भागत नाही, पाण्याने भागते, दोर फक्त विहिरीपर्यंत पोचायला हवा. हे तुमचे वाक्य इथे सांगितले की वर्गातला सगळ्यांत धास्तावलेला मुलगा मान वर करतो.

पण विहीर कोणती, हेही पाहायला हवे, आणि तिथे यिर्मया संदेष्ट्याचा पाठ येतो. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वचनाची कार्डे काढली जातात. त्यात यिर्मया 29:11, हिताचे संकल्प, भावी सुस्थितीची आशा, हे कार्ड ज्याला मिळते तो नोकरी, लग्न, व्हिसा सगळे त्यावर टांगतो. तुम्ही कार्ड फाडायला सांगितले नाहीत, अध्याय उघडायला सांगितलात. ते वचन एका पत्रातले आहे, आणि ते पत्र यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान झालेल्यांना गेलेले आहे. अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत लिहिली आहे: सत्तर वर्षे. पाचव्यापासून सूचना आहेत: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या विशीतल्या तरुणानेही परतीची वाट पाहिली असती तर तो नव्वदीला पोचला असता. त्याच्या पदरात पडणारे हित म्हणजे बाबेलातले भाजीचे वाफे आणि नातवंडे.

त्याच्या आधीचा अध्याय 28 वाचल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्व लोकांसमोर सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येईल. त्याच्या शब्दावर विसंबणाऱ्यांचा विश्वास कच्चा होता असे म्हणायला जागा नाही. कदाचित यिर्मयावर विसंबणाऱ्यांपेक्षा तो जास्तच पक्का असेल, कारण दोन वर्षांची आशा धरणे सत्तर वर्षांपेक्षा सोपे. देवाने ते शब्द दिलेलेच नव्हते. हनन्या त्याच वर्षी, सातव्या महिन्यात मेला. म्हणून कुठलेही वचन स्वतःला लावण्याआधी तुमचे चार प्रश्न विचारायचे: कोण कुणाला सांगतो आहे, मागची-पुढची वचने काय म्हणतात, मुदत किंवा अट आहे का, आणि 2 करिंथ 1:20 प्रमाणे ख्रिस्तात त्याचे 'होय' कसे झाले, म्हणजे ते पूर्ण कसे झाले. चौथ्या प्रश्नापर्यंत आले की कार्ड पुन्हा हाती घेता येते, कधी कधी आधीपेक्षा घट्ट.

आजाऱ्यांच्या भेटीचे नियम मात्र आम्हाला शब्दशः मांडावेसे वाटतात, कारण सर्वांत जास्त इजा तिथे होते. 'विश्वास कमी पडला म्हणून बरे वाटत नाही' हे वाक्य खाटेजवळ उच्चारायचे नाही, नातेवाइकांपाशीही नाही. औषधाच्या पिशवीला हात लावायचा नाही. ती थांबवण्याचा सल्ला देणाऱ्याला पुढच्या भेटीला न्यायचे नाही. दहा मिनिटांत उठायचे. एकच स्तोत्र, सावकाश. बहुतेकांसाठी 13 वे पुरते. जो माणूस चिडलेला किंवा गप्प आहे त्याच्यासाठी 88 वे, कारण ते अंधारातच संपते आणि तरी शास्त्रात आहे. त्याच्याकडून 'मी विश्वास ठेवतो' असे वदवून घ्यायचे नाही.

कुणी हुज्जत घातलीच तर दाखले तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर दिलेले आहेत. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (1 तीमथ्य 5:23). स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे टोचत राहणाऱ्या त्रासासाठी, त्याने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. येशूच्या गावाकडे, नासरेथकडे, बोट दाखवले जाते, तिथे अविश्वासामुळे मोठी कामे झाली नाहीत म्हणून. मार्क 6 मध्ये तो अविश्वास येशूलाच झिडकारणाऱ्या गावकऱ्यांचा आहे, आणि तिथेही त्याने थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरे केल्याचे पाचव्याच वचनात आहे. उलट मार्क 9 मधला बाप 'माझा अविश्वास घालवून टाका' म्हणत रडतो आणि त्याचा मुलगा बरा होतो. बेथेसदाच्या तळ्यापाशी पडलेल्या, 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला बरे करणारा कोण हेही ठाऊक नव्हते.

माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कृतींनी, हे पौल आणि याकोब यांचे भांडण तुम्ही एका ओळीत मिटवलेत, त्यात भर घालण्यासारखे नाही: पौल अब्राहामाच्या उत्पत्ती 15 पाशी थांबतो, याकोब तेच वचन घेऊन उत्पत्ती 22 पर्यंत, इसहाकाच्या वेदीपर्यंत चालत जातो. मुलांना गलती 5:6, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, जोडून दिले की पुरे.

एक काम मात्र तुमच्यासाठी राखून ठेवले आहे. सध्या तरुण मंडळी मोबाइलवर पाहिलेल्या उपदेशांतून 1 करिंथ 12:9 मधले विश्वासाचे कृपादान आणि तारणाचा विश्वास एकच समजतात. कृपादान आत्मा कुणाला देतो, कुणाला देत नाही. तारणाचा विश्वास प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हवाच. हा फरक न कळल्याने डोंगर न हललेली पोरे स्वतःला ख्रिस्ती म्हणायला कचरतात. या विषयाचा कच्चा पाठ टपालाने पाठवला आहे. त्यात 1 करिंथ 13:2 (डोंगर हलवणारा विश्वास असला पण प्रीती नसली तर काहीच नाही) कुठे बसवायचे याबद्दल आमच्यात एकमत नाही. काहींना ते सुरुवातीला हवे, काहींना शेवटी. नेहमीप्रमाणे लाल शाईने खुणा करून पाठवा. नवा दृढीकरण वर्ग लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आधी बसतो, त्यापूर्वी मिळाले तर बरे.

पाळकबाईंना सर्वांचा सलाम सांगा.

आपले कृतज्ञ,
दृढीकरण आणि शास्त्राभ्यास वर्गांचे शिक्षक