चि. गौरीस, सिंगापूरच्या एका रात्रीबद्दल

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन ठेवलास तेव्हा आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. "काय म्हणाली?" तिने विचारलं. मी म्हटलं, रेंज गेली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. म्हणजे तिला कळलंय.

"बाबा, चौथ्यांदा तेच विचारताय," असं तू म्हणालीस. मागून मोजलं तर पाचवी वेळ होती. म्हणून आता लिहितोय. पत्र वाचताना मधेच फोन ठेवता येत नाही. श्रेयस फोटो काढून पाठवेल, अक्षर लागलं नाही तर त्याला विचार. आणि बसतानाच ठरवलंय की सिंगापूरचा विषय काढायचा नाही.

आधी चांगलं लिहितो. तालमीच्या कट्ट्यावर तुझ्या ॲडमिशनचं सांगायचं आता कुणी शिल्लक नाही. आधी मीही 'मेलबोर्न' म्हणत होतो, आता लोकांना 'मेलबर्न' म्हणून दुरुस्त करतोय. परवा पेन्शनच्या कामाला डेपोत गेलो, तिथेही सांगितलं. एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, एवढ्या लांब पोरगी एकटी?" मी म्हटलं, एकटीच, त्यात काय. मग स्टँडवर चहा घेतला आणि पैसे न देताच निघालो. टपरीवरचा पोरगा हाका मारत मागे आला. इतक्या वर्षांत लोकांकडून तिकिटाचे पैसे वसूल केले, आणि स्वतः फुकट्या निघालो.

तर ते एकटी जाणं. त्याचं मला खरंच काही नाही. तू पुण्यात पाच वर्षं काढलीस. मुंबईत आत्या आहे, ती तुला डोंबिवलीहून विमानतळावर आणून सोडेल. (तिकिटावरची तीन अक्षरं मात्र तिला वाचून दाखव. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. जुनं सहारचं ते बीओएम, नवीन उलव्याचं ते एनएमआय. बोर्ड बघूनच गाडीत चढावं.) प्रश्न आहे तो मधल्या अकरा तासांचा. सिंगापूरला रात्री आठला उतरणार, सकाळी सातला मेलबर्नचं पुढचं विमान. तू म्हणतेस, "खुर्च्या असतात बाबा, सगळी पोरं तशीच झोपतात."

बघ, आलोच मी तिथे.

खुर्चीवरच्या झोपेबद्दल मला थोडं कळतं. मी किती वर्षं वस्तीची गाडी केली ते तुला माहीत आहे. शेवटची फेरी रात्री गावात पोचायची, पहाटेची पहिली तिथूनच सुटायची. ड्रायव्हर देवळात पथारी टाकायचा. मी गाडीतच, मागच्या लांब सीटवर. उशाला दिवसभराचं कलेक्शन, तिकिटांचा ट्रे, वेबिल म्हणजे हिशोबाचा कागद. कुत्रं भुंकलं तरी हात आधी उशाखाली जायचा. पहाटे पाणी घेऊन येणाऱ्या म्हातारबाबांना वाटायचं, कंडक्टर काय गाढ झोपलाय. मी झोपलेला नसायचो, राखण करत असायचो. तुझ्या उशाला पासपोर्ट, लॅपटॉप आणि कॉलेजचे कागद असणार. त्यात ती खुर्ची. आणि दुसऱ्या दिवशी साडेसात तासांचं विमान, उतरल्यावर नवं गाव, खोलीची किल्ली कुणाकडे ते शोधणं. त्यासाठी डोकं ताळ्यावर लागतं.

राजारामपुरीत एका बुकिंगवाल्याकडे तासभर बसलो आणि श्रेयसच्या मोबाइलवर बाकीचं वाचलं. जुन्या डायरीत दोन पानं भरलीत. तू हसशील, पण ऐक.

पहिलं म्हणजे तुझी बॅग. मुंबईत बॅग टाकताना तिला जो टॅग लावतील, तो सिंगापूरपर्यंतचा की थेट मेलबर्नपर्यंतचा? हेच मी पाचव्यांदा विचारत होतो आणि तुला वाटलं मी हॉटेलचं विचारतोय. सगळं हॉटेल या टॅगवर ठरतं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर बॅग बहुधा सरळ पुढे जाते, आणि तुला आतल्या आतच राहता येतं. इमिग्रेशनच्या आतमध्ये, एक नंबरच्या टर्मिनलमध्ये एरोटेल नावाचं हॉटेल आहे. तासांवर खोली मिळते. सिंगापूरचा व्हिसा लागत नाही, कारण तू देशात शिरलेलीच नसतेस. त्यात पोहण्याचा तलाव पण आहे म्हणे. तू पोहू नकोस, झोप.

पण तू स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली असशील (काढलीस ना? त्या दिवशी फोनवर गप्प झालीस, तेव्हाच शंका आली), तर बॅग बहुतेक सिंगापूरच्या पट्ट्यावर येईल. ती घ्यायला बाहेर पडावं लागणार आणि बाहेर पडलीस की आतलं हॉटेल गेलं. मग ज्वेल म्हणून जी नवी इमारत आहे, त्यात योटेलएअर आहे, किंवा तीन नंबरच्या टर्मिनलला चिकटून क्राउन प्लाझा, पण ते महाग. ज्वेलमध्ये छतातून ४० मीटरचा धबधबा पडतो. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, राऊतवाडीच्या धबधब्याला जाऊन ये म्हणावं, फुकट आहे.

बाहेर पडायला मात्र आपल्याला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांचा चालू व्हिसा असला आणि पुढचं पक्कं तिकीट असलं तर ९६ तासांची सूट आहे, ती काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. अटी त्यांच्या सरकारी साइटवर जाऊन नीट वाच. शिवाय पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. म्हणजे मर्जी फिरली तर बॅग पट्ट्यावर आणि तू आत. म्हणून आधी टॅग. आत्ताच तिकीटवाल्यांना फोन कर.

शहरातलं स्वस्त हॉटेल बघू नकोस. विमानतळ पूर्वेच्या टोकाला आहे, शहर वीसेक किलोमीटर. मी हिशोब मांडला. आठला उतरलीस, इमिग्रेशन आणि बॅग धरून साडेनऊ. सकाळी सातचं विमान म्हणजे चारच्या सुमारास काउंटरवर. मधे साडेसहा तास. त्यातले दोन टॅक्सीत आणि लिफ्टमध्ये घालवायचे असतील तर खोली कशाला? अंथरुणापासून काउंटरपर्यंत चालत किती मिनिटं, एवढंच बघ. 'विमानतळाजवळ' या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. दादा मस्कतला गेला, त्याला विमानावर सोडायला गेलो तेव्हा आम्ही ठेवला होता. दोन किलोमीटर लिहिलं होतं, आणि होतंही, पण धावपट्टीच्या पलीकडून! पावसात वळसा घालून तासभर लागला. त्यात आम्ही पोचलो रात्री साडेबाराला, म्हणजे तारीख बदललेली. मी बुकिंग त्या नव्या तारखेचं केलेलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका, तुमची खोली दुपारी दोनला चालू होते. चूक माझीच. मध्यरात्रीनंतर पोचायचं असेल तर आदल्या तारखेची खोली घ्यावी लागते, हे कळायला आईला जिन्यात चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसावं लागलं. दादा मात्र हसत होता. त्याच्या पायात तेव्हा नवे बूट होते, चावत होते, पण काढले नाहीत.

तुला आठवतं का, तुला सायकलवर पुढे बसवून उजळाईवाडीला विमान दाखवायला नेलं होतं? दुपारभर कुंपणाबाहेर उभे होतो, एकही विमान आलं नाही. मी सांगितलं, आज विमानाला सुट्टी आहे. खासबागेत भेळ खाऊन घरी आलो आणि तू आईला सांगितलंस, विमान बघितलं, पांढरं होतं.

कुठं होतो? हां, खोली.

तू पैशाचं म्हणालीस ते मी ऐकलं. आईच्या पाटल्यांवर आधीच एवढं झालंय, आता एका रात्रीसाठी कशाला, असं म्हणालीस आणि मग आवाज चढवलास. आवाजाचं काही नाही, मी पण चढवला. पण पाटल्यांचं पुन्हा काढू नकोस. त्या तिने स्वतः काढून दिल्या, मी मागितल्या नव्हत्या. आणि त्यांच्या जोरावर जाणारी पोरगी खुर्चीत मान वाकडी करून झोपली, हे तिला कळलं तर तिला बरं वाटेल का? बरं, हे लिहायला नको होतं. हा धाक घालणं झालं. खोडलं असतं, पण श्रेयस म्हणतो फोटोत खाडाखोड दिसते. सोडून दे.

खरं सांगू का. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं, तेव्हा तू पुण्याहून निघालेली होतीस. कराडला उतरवलं म्हणून एक फोन आला आणि मग मोबाइल बंद. दोन रात्री. तू नंतर सांगितलंस की मंगल कार्यालयात होते, एका काकूंनी चादर दिली, पिठलं-भात होता, मजा आली. मजा आली असेल. मी त्या दोन्ही रात्री हायवेवर तावडे हॉटेलपाशी जाऊन उभा राहिलो होतो. समोर सगळं पाणी, त्यात ट्रकांच्या टपांवर बसलेली माणसं. तू सुखरूप आहेस याबद्दल मला मनातून शंका नव्हती. फक्त तू कुठल्या भिंतीला टेकून झोपली असशील, ते डोळ्यांसमोर येत नव्हतं. आईने विचारलं, "कुठं असेल?" मी म्हटलं, कराडला. ती म्हणाली, "कराडला कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेवढंच आहे हे सगळं. आई सिंगापूरला कुठं म्हणून विचारेल, तेव्हा मला सांगता यायला हवं: अमुक टर्मिनल, अमुक हॉटेल, खोलीत आहे.

तू मोठी झालीस, तुझं तू ठरवशील, मी ढवळाढवळ करणार नाही. खुर्चीवर झोपायचं ठरवलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काही बोलणार नाही. सोमवारी बँकेत जाऊन तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकतोय. पुस्तकांसाठी समज.

दादाला आज फोन झाला. त्याचं गुडघ्याचं तसंच आहे, दाखवायला जात नाही. तूच सांग त्याला, माझं ऐकत नाही.

टॅग कुठपर्यंतचा ते विचारून कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. आईने कांदा-लसूण चटणी अर्धा किलो बांधली आहे, तीन पिशव्यांत. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून खूण कर, लपवू नकोस, दंड असतो. आणि वाटेत हॉटेलात पुडी उघडू नकोस. त्यांच्या चादरी पांढऱ्या असतात.