डॉलर आधी औषधांना

महोदय,
परकीय चलनाची गंगाजळी आटली की कात्री कशाला लावायची, यातच सरकारची कसोटी लागते. श्रीलंकेने २०२० मध्ये मोटारींची आयात थांबवली, हे योग्यच झाले. पण २०२१ मध्ये रासायनिक खतांवरही बंदी घातली आणि भाताचे पीक घसरले; मग तांदूळच बाहेरून आणावा लागला! २०२२ मध्ये तर औषधांअभावी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. चैनीच्या वस्तूंवर नुसते आयातशुल्क वाढवून भागत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो वाढीव शुल्कही भरतो आणि डॉलर जायचा तो जातोच. टंचाईच्या काळात औषधे, इंधन आणि खते आणणाऱ्यांनाच बँकांनी आधी डॉलर द्यावेत, आणि हा क्रम सरकारने उघडपणे जाहीर करावा.
– एक वाचक